नोटिफिकेशन लाइट नसलेला फोन : काही महिन्यांच्या वापरानंतर

कॅमेरा, वेग, चार्जिंग यांबद्दल तक्रार नाही. या फोनला नोटिफिकेशन लाइट, म्हणजे मेसेज किंवा कॉल आला की पुढच्या बाजूला लुकलुकणारा छोटा दिवा, नाही, आणि इतके महिने वापरूनही त्याची सवय झालेली नाही. फोन दिवसभर सायलेंटवर ठेवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

फोनच्या स्क्रीनभोवतीच्या कडा अरुंद होत गेल्या, स्क्रीन टोकापर्यंत आली आणि दिव्याची जागा गेली. २०१८ च्या वनप्लस ६ मध्ये तो होता, त्याच वर्षीच्या ६टी मध्ये काढला. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस९ मध्ये होता, २०१९ च्या एस१० मध्ये नाही. जागेचं कारण मला पूर्ण पटत नाही. २०१४ च्या एचटीसी वन एम८ मध्ये तो इअरपीसच्या जाळीमागे बसवला होता.

बदल्यात मिळाला ऑलवेज ऑन डिस्प्ले, म्हणजे फोन लॉक असतानाही काळ्या पडद्यावर घड्याळ आणि सूचनांचे आयकॉन दिसत राहतात. एमोलेड प्रकारच्या पडद्यावर काळे पिक्सेल (पडद्याचे ठिपके) बंदच राहतात म्हणून बॅटरीला तो परवडतो. एलसीडी पडद्याला मागची अख्खी बॅकलाइट पेटवावी लागते. घड्याळ म्हणून छान आहे. पण आयकॉन बारीक, सगळे पांढरे; काय आलंय ते बघायला फोनपाशी जाऊन वाकावं लागतं. जुन्या फोनवर हिरवा म्हणजे मेसेज, निळा म्हणजे ईमेल, लाल म्हणजे मिस्ड कॉल, हे खोलीच्या दुसऱ्या टोकावरून कळायचं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दिवा लुकलुकत नसेल तर काहीच आलेलं नाही, फोनला हात लावायची गरज नाही. आता नुसती खात्री करायला फोन उचलावा लागतो, आणि एकदा उचलला की पाच-दहा मिनिटं गेलीच.

सूचना आली की कॅमेऱ्याचा फ्लॅश चमकवायची सोयही लावून पाहिली. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ही सोय मोलाची आहे, ती राहायलाच हवी. पण फ्लॅश सूचना येते त्या क्षणी चमकतो आणि थांबतो. आपण खोलीबाहेर असलो तर संपलं. दिवा मात्र आपण बघेपर्यंत लुकलुकत राहायचा. नथिंग या कंपनीने २०२२ मध्ये फोन (१) च्या पाठीवर दिवे दिले, पण त्यासाठी फोन पालथा ठेवायला हवा.

सगळ्यात जवळचा पर्याय म्हणजे स्क्रीनमधल्या सेल्फी कॅमेऱ्याच्या छिद्राभोवती रंगीत कडं पेटवणारं अ‍ॅप. प्रत्येक अ‍ॅपला वेगळा रंग देता येतो. फक्त बॅटरी सेटिंगमध्ये त्याला ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा, नाहीतर सिस्टीम ते मागच्या मागे बंद करते. तेच पिक्सेल सतत पेटून पडद्यावर डाग राहू नये म्हणून कड्याची जागा थोडी थोडी सरकवायची सोयही चालू ठेवा. माझ्याकडे सध्या हेच चालू आहे.