इल्फर्ड एचपी ५ प्लस: अमूर्त कृष्णधवलसाठी हा रोल घ्यावा का?

इल्फर्डच्या एचपी ५ प्लस या कृष्णधवल फिल्मबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार एकच: ‘सगळं करडं येतं.’ तक्रार खोटी नाही. ४०० ला, म्हणजे डबीवरच्या वेगाला, एक्स्पोज केला, ठरलेल्या वेळेत डेव्हलप केला आणि आहे तसा स्कॅन केला, तर हा रोल ना धड काळा देतो ना धड पांढरा. लग्नात किंवा पोर्ट्रेटमध्ये हा मऊपणा सोयीचा असतो, चेहऱ्यावरचा उजेड फाटत नाही. अमूर्त फोटोत चेहराही नसतो आणि गोष्टही नसते. आकार, पोत आणि काळ्या-पांढऱ्याची मांडणी एवढंच भांडवल, आणि तेच करड्यात बुडालं तर स्पर्धेचा परीक्षक तीन सेकंदांत पुढच्या फोटोवर जातो. तरीही स्पर्धेसाठी फिल्मवर अमूर्त काम करणाऱ्याला हाच रोल सुचवावासा वाटतो. निगेटिव्हच्या दोन्ही टोकांना, सावल्यांत आणि उजळ भागांत, माल शिल्लक राहतो आणि कॉन्ट्रास्ट कुठवर चढवायचा हे आपल्या हातात असतं. मुळातच कडक फिल्म हातात असली की ही मोकळीक जाते.

इंग्लंडमधल्या चेशायर परगण्यात मॉबर्लीला तयार होणारा हा रोल १९८९ पासून बाजारात आहे. डबीवर वेग, म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा, ४०० लिहिलेला असतो. अमूर्तासाठी तो आकडा विसरून प्रकाश मोजणारं मीटर ८०० वर लावा.

कारण साधं आहे. एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा, प्रकाश मिळाला की सावल्यांमधला तपशील गळतो, आणि अमूर्तात तो गळायलाच हवा असतो. मग डेव्हलपिंगचा वेळ वाढवला की उजळ भाग वर सरकतात, सावल्या मात्र जवळजवळ तिथेच राहतात. दोघांतलं अंतर वाढलं, म्हणजेच कॉन्ट्रास्ट आला. असं जास्त वेळ डेव्हलप केल्याने, म्हणजे पुश केल्याने, फिल्मचा वेग वाढतो हा गैरसमज आहे, वाढतो तो हा ताण. इल्फर्डचा आयडी-११ हा डेव्हलपर १+१ करून, म्हणजे स्टॉक (मूळ तयार द्रावण) आणि पाणी समप्रमाणात घेऊन, २० अंशांना वापरला तर ४०० साठी १३ मिनिटं आणि ८०० साठी साडेसोळा मिनिटं धरा. पाणी न घालता स्टॉक वापरला तर तेच आकडे साडेसात आणि साडेदहा. १६०० ला स्टॉकमध्ये १४ मिनिटं लागतात, पण तिथवर जायचं ते खिडकीच्या गजांची भिंतीवरची सावली असल्या दोनच रंगांच्या विषयासाठी. भिंतीच्या पोपड्यांवर १६०० वापरलं की सावल्या रिकाम्या होतात, पांढरा भाग निगेटिव्हवर इतका जाड बसतो की स्कॅनर त्यातून दगडासारखा ग्रेन, म्हणजे फिल्मचा दाणेदारपणा, काढतो.

एका ३५ मिमी रोलला टाकीत सुमारे ३०० मिली द्रावण लागतं. म्हणजे १+१ साठी १५० मिली स्टॉक आणि १५० मिली पाणी, एकदा वापरून टाकून द्यायचं. एक लिटर स्टॉकमध्ये सहा रोल निघतात. पहिल्या दहा सेकंदांत टाकी चार वेळा उलटी करा, मग टाकी ओट्यावर हलकेच आपटा, नाहीतर फिल्मला चिकटलेले हवेचे बुडबुडे फोटोत काळे ठिपके होऊन बसतात. पुढे दर मिनिटाच्या सुरुवातीला चार उलट्या. जास्त उत्साहाने हलवणाऱ्यांच्या निगेटिव्हवर कडेच्या भोकांपासून आत येणारे पट्टे दिसतात, कारण भोकांतून द्रावण जोरात वाहतं आणि तिथे डेव्हलपिंग जास्त होतं. गर्दीच्या फोटोत ते लपतात. रिकाम्या भिंतीच्या फोटोत तेच आधी दिसतात.

आपल्याकडे खरी अडचण तापमानाची. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी ३० च्या वर असतं. तीस अंशांना स्टॉक वापरला तर वेळ पाच मिनिटांच्या बराच खाली येतो, आणि एवढ्या कमी वेळात फिल्म सगळीकडे सारखी डेव्हलप होण्याचा भरवसा नाही. म्हणून उन्हाळ्यात १+१ च धरा. बादलीत पाणी आणि बर्फाची बाटली ठेवून द्रावण २४ अंशांवर आणलं तरी चालतं, वेळ साधारण सात-दशांश करायचा: साडेसोळाचे साडेअकरा. फक्त मग फिक्सर (प्रतिमा पक्की करणारं द्रावण) आणि धुण्याचं पाणीही २४ च्या आसपासच हवं. डेव्हलपर २४ ला आणि धुणं थेट नळाच्या ३२ ला, असं केलं की जिलेटिनला झटका बसतो आणि ग्रेनचे गठ्ठे होतात. शेवटचं पाणी डिस्टिल्ड घ्या, बॅटरीसाठी मिळतं ते चालेल, आणि त्यात वेटिंग एजंटचे (पाणी थेंब न धरता निथळावं म्हणून घालायच्या द्रावाचे) एक-दोन थेंब. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग सुकल्यावर पुसून जात नाहीत.

आता विषय. रत्नागिरीजवळ काळबादेवी, मिऱ्या या किनाऱ्यांवर इल्मेनाइट या खनिजाची काळी वाळू आहे. ओहोटीचं पाणी उतरताना ही जड वाळू मागे राहते आणि फिकट वाळूत पिसासारखी, झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी उमटते. कृष्णधवल अमूर्तासाठी यापेक्षा तयार विषय शोधून सापडणार नाही, आणि रोलचा कसही इथेच लागतो. मीटरला काळी वाळू दाखवली की तो तिला मधला करडा समजतो, आणि ते ऐकलं तर फोटोतली वाळू सिमेंटच्या रंगाची येते. काळ्या वाळूचं रीडिंग घ्या आणि त्यातून दोन स्टॉप कमी करा. मग फिकट वाळूचं रीडिंग घेऊन पाहा. दोघांत तीन स्टॉपचं अंतर असेल तर ८०० चीच वेळ पुरते. आभाळ भरून आलेलं असेल तर अंतर दीड-दोनवर येतं, तेव्हा डेव्हलपिंग आणखी दहा-पंधरा टक्के वाढवा. ५० मिमी लेन्स ४५ सेंटिमीटरवर फोकस केली की फ्रेममध्ये साधारण २४ बाय १६ सेंटिमीटरचा तुकडा बसतो, आणि एवढा पुरतो. कॅमेऱ्याची पाठ वाळूला समांतर ठेवा, नाहीतर एफ ११ एवढ्या लहान छिद्रालाही एक कोपरा मऊ पडतो. ऊन डोक्यावर आलं की नक्षी सपाट होते, म्हणून काम सकाळी आठच्या आत उरका.

उन्हात ८०० वापरायची एक पंचाईत आहे. लख्ख उन्हात एफ १६ ला १/८०० च्या आसपास शटर लागतं, आणि जुन्या मेकॅनिकल कॅमेऱ्यांत शटर १/१००० ला संपतं. छिद्र उघडायला जागा उरत नाही. इथे लाल फिल्टर दुहेरी कामाचा: तीन स्टॉप खातो, म्हणजे शटर १/१०० वर येतं, शिवाय कॉन्ट्रास्टही देतो. जांभ्याच्या भिंतीवर लाल फिल्टर लावला की दगड फिका पडतो आणि शेवाळ काळंभोर होतं. निळीच्या चुन्याने रंगवलेली भिंत गडद होते. उन्हातल्या सावल्यांना उजेड मिळतो तो निळ्या आभाळाचा, म्हणून त्याही आणखी काळ्या होतात. हिरवट-पिवळ्या विषयांना नारिंगी पुरे. कॅमेऱ्यातलं मीटर लाल फिल्टरमधून मोजताना काही वेळा चुकतं, म्हणून फिल्टर काढून मोजा आणि तीन स्टॉप स्वतः द्या.

पाणी गुळगुळीत करायला दहा स्टॉपचा एनडी (फक्त प्रकाश कमी करणारा गडद) फिल्टर लावणाऱ्यांनी या रोलचं एक गणित पाठ करावं. लांब एक्स्पोजरमध्ये फिल्म आळशी होते. इल्फर्डने दिलेलं सूत्र असं की मीटरने सांगितलेल्या सेकंदांचा १.३१ वा घात घ्यायचा. मीटर ४ सेकंद म्हणाला तर ६ द्या, १० म्हणाला तर २०, ३० म्हणाला तर ८६. फिल्टरविना १/६० असेल तर दहा स्टॉपनंतर १७ सेकंद होतात, प्रत्यक्षात द्यायचे ४१. डिजिटलच्या सवयीने १७ वर थांबलं की घाटाच्या पायऱ्या निगेटिव्हवर जवळजवळ नसतातच.

स्कॅनिंगमध्ये बरेच जण मेहनत वाया घालवतात. ३२०० डीपीआयला ३५ मिमीची फ्रेम सुमारे ४५०० बाय ३००० पिक्सेलची होते, स्पर्धेला तेवढी भरपूर झाली. १६ बिटमध्ये, कॉन्ट्रास्ट न लावता, दोन्ही टोकं न कापता स्कॅन करा आणि काळा-पांढरा बिंदू नंतर कर्व्हने ठरवा. स्कॅनरमधला इन्फ्रारेडने धूळ काढणारा पर्याय बंद ठेवा. चांदीच्या फिल्ममधून इन्फ्रारेड आरपार जात नाही, मग तो प्रतिमेलाच धूळ समजून खातो. धूळ हातानेच टिपावी लागते, आणि रिकाम्या जागा जास्त असल्यामुळे अमूर्तात ती जास्त दिसते. एका फ्रेमला अर्धा तास धरा.

दुसरी गोष्ट ग्रेनची. १०० टक्के मोठं करून पाहिलं की ग्रेन छान वाटतो. पण बऱ्याच ऑनलाइन सलॉनना, म्हणजे फोटो स्पर्धांना, लांब बाजू दोन हजार पिक्सेलच्या आतबाहेरच लागते. ४५०० ची १९२० केली की शेजारचे ग्रेन एकमेकांत मिसळतात आणि पोत विरतो. म्हणून ८०० की १६०० हे ठरवण्याआधी जुन्या निगेटिव्हची फाइल स्पर्धेच्या आकारात करून पाहा, आणि शार्पनिंग त्याच आकारावर शेवटी द्या. प्रिंटची स्पर्धा असेल तर हिशेब वेगळा, १२ बाय १८ इंचांवर ८०० चा ग्रेन पूर्ण दिसतो.

फाइल पाठवण्याआधी ती ग्रेस्केल (फक्त करड्या छटांची) करून मग एसआरजीबी या नेहमीच्या रंगव्यवस्थेत आणा. रंगीत मोडमध्ये स्कॅन केलेल्या निगेटिव्हला एखादी निळी-जांभळी छटा राहते. फियाप या आंतरराष्ट्रीय छायाचित्रण महासंघाच्या व्याख्येत एकाच रंगात संपूर्ण टोन केलेलं चित्र मोनोक्रोमच धरतात, पण टोनिंग अर्धवट असेल किंवा दुसरा एखादा रंग शिरला तर ते रंगीत विभागात जातं. सावल्या निळसर आणि उजेड पिवळसर, असं नकळत झालं तरी नियम तोच.

कुणी घेऊ नये तेही सांगायला हवं. काचेच्या इमारती, जिने, तारा अशा स्वच्छ रेषांचं आणि सपाट करड्याचं काम असेल तर एफपी ४ प्लस घ्या. त्याचा वेग १२५, ग्रेन बारीक, ट्रायपॉड मात्र जवळ हवा. घरी डेव्हलप करणार नसाल आणि गावात फक्त रंगीत रोलचीच लॅब असेल तर एक्सपी २ सुपर घ्या. तो रंगीत रोलच्याच सी-४१ प्रक्रियेत धुतला जातो आणि त्यावर स्कॅनरचा धूळ काढणारा पर्यायही चालतो. एचपी ५ चुकूनही त्या मशीनमध्ये जाऊ देऊ नका. त्या प्रक्रियेतलं ब्लीच आणि फिक्सर सगळी चांदी काढून नेतं आणि हातात कोरी पट्टी येते. काउंटरवर तोंडी सांगून भागत नाही, डबीवर मार्करने मोठ्या अक्षरात ‘ब्लॅक अँड व्हाइट, ८००’ लिहा.

नियमित काम असेल तर सुटे रोल महाग पडतात. ३०.५ मीटरचा बल्क रोल घेतला की ३६ फ्रेमचे १८ रोल भरता येतात. लोडर (बल्क रोलमधून डब्या भरायचं यंत्र) आणि डब्या जुन्या असतील तर आधी एक छोटा, दहा फ्रेमचा रोल भरून पांढऱ्या भिंतीवर संपवा आणि डेव्हलप करा. डबीच्या तोंडाच्या मखमलीत एक कण अडकला तरी फिल्मच्या लांबीभर सरळ ओरखडा जातो, आणि पांढऱ्या भिंतीवर तो लगेच सापडतो.