फर्ल्ड लीडर: तीर्थनवर हंगामभर वापरल्यानंतर

हिमाचलच्या तीर्थन नदीत फ्लाय फिशिंग (गळाला कृत्रिम माशी बांधून मासेमारी) करताना ब्राउन ट्राउटसाठी, चार आणि पाच वेटच्या (वेट म्हणजे लाइनच्या वजनाचा क्रमांक; मोठा आकडा म्हणजे जड लाइन) रॉडवर, धाग्याचा आणि नायलॉनचा असे दोन्ही फर्ल्ड लीडर मार्चपासून आलटून पालटून वापरले. (१ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर तिथे ट्राउटबंदी असते.) लीडर म्हणजे जाड फ्लाय लाइन आणि टिपेट यांच्यामधला दुवा; टिपेट म्हणजे माशी बांधायचा टोकाचा बारीक दोरा. निष्कर्ष आधीच सांगतो: तीस-पस्तीस फुटांच्या आत ड्राय फ्लाय (पाण्यावर तरंगणारी माशी) टाकायची असेल तर साधा टेपर्ड (टोकाकडे निमुळता) नायलॉन लीडर परत लावावासा वाटत नाही. बाकीच्या कामांना हा लीडर जेमतेम चालतो, काहींना चालतच नाही.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बारीक धाग्याचे किंवा नायलॉनचे पेड खुंट्यांवर ताणून दोन पदर करतात, दोन्हींना एकाच दिशेने पीळ देतात आणि मग ते एकत्र धरून उलट दिशेने एकमेकांवर वळू देतात. सुंभाची दोरी वळतात तेच तंत्र. लाइनकडे पेड जास्त आणि टोकाकडे टप्प्याटप्प्याने कमी, त्यातून टेपर येतो. विणलेला, आतून पोकळ असलेला ब्रेडेड लीडर ही वेगळी वस्तू आहे. विकत घेताना दोन्हींची गल्लत होते.

निवडताना आधी साहित्य ठरवा. ६/० किंवा ८/० टायिंग थ्रेडचा (माशी बांधायच्या बारीक धाग्याचा) लीडर सगळ्यात मऊ असतो आणि माशी अलगद बसवतो. मात्र पेडांच्या फटींत तो पाणी धरतो. नायलॉनचा थोडा ताठ, पाणी कमी धरणारा, वाऱ्यात बरा. पण ताणला जास्त जातो. फ्लोरोकार्बनचा बुडतो, म्हणून तो वेट फ्लायसाठीच (पाण्याखाली बुडणाऱ्या माशीसाठी). पहिलाच घेत असाल तर धाग्याचा घ्या. चार वेटला पाच ते साडेपाच फूट, पाच वेटला सहा फूट लांबी पुरते. टोकाला २ मिमीची टिपेट रिंग असलेला मिळाला तर उत्तम, कारण टिपेट बदलताना लीडरचा एक मिलिमीटरही खर्ची पडत नाही.

हातात आल्यावर एक चाचणी करा. लाइनकडचा लूप बोटात अडकवून लीडर मोकळा लोंबू द्या. एखाद-दुसरी गिरकी चालेल. गरगर फिरत राहिला तर पीळ असमतोल आहे, आणि तोच पीळ पुढे टिपेटमध्ये उतरतो. असा लीडर परत करावा.

लाइनला जोडताना लूप-टू-लूप नीट बसवा. दोन्ही लूप एकमेकांत सारखे अडकले पाहिजेत. एक लूप दुसऱ्याच्या मानेवर चढला तर तिथे बिजागरी होते आणि कास्ट मोडतो. पुढे साडेतीन ते चार फूट ५एक्स, म्हणजे ०.१५ मिमीचे टिपेट. दुपारी दरीतून वर वारा सुटला की अडीच फुटांवर या. फर्ल्ड लीडर जाडसर असल्याने हवा जास्त अडवतो, आणि लांब टिपेट समोरच्या वाऱ्यात उलगडतच नाही.

ग्रीस हा खरा मुद्दा. धाग्याच्या लीडरबद्दलच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. कोरड्या लीडरला पेस्ट फ्लोटंट (तरंगत ठेवणारे घट्ट ग्रीस) चिमटीत घेऊन लाइनकडून टोकाकडे चोळा, पाच मिनिटे मुरू द्या, जादा फडक्याने पुसून काढा. द्रव फ्लोटंट माशीसाठी ठेवा. टिपेटला मात्र ग्रीस लागू देऊ नका. तरंगणारे टिपेट संथ पाण्यात तळावर ठळक सावली पाडते. मुलतानी माती, भांड्यांचा लिक्विड साबण आणि थोडे ग्लिसरीन कालवून घट्ट गोळा करा आणि तो टिपेटवरून फिरवा. ग्रीस काढणाऱ्या विकतच्या डीग्रीझरइतकेच काम होते.

ग्रीस उतरले की लीडर भिजतो आणि फॉल्स कास्टमध्ये (लाइन पाण्यावर न टेकवता हवेतच पुढे-मागे फिरवताना) तुषार उडतात. खळाळात काही बिघडत नाही, पण संथ डोहावर मासे बिथरतात. फॉल्स कास्ट माशाच्या डोक्यावरून न करता बाजूला करा, आणि अधूनमधून लीडर फडक्यात दाबून कोरडा करा. बर्फ वितळून नदी गढूळ झाली की बारीक गाळ पिळात शिरतो. मग कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन, सावलीत वाळवून, पुन्हा ग्रीस.

सगळ्यात वाईट प्रकार माशी दगडात किंवा फांदीत अडकल्यावर घडतो. रॉड वाकवून हिसका दिला की लीडर ताणतो, टिपेट तुटते आणि लीडर उसळून गुंत्याचा गोळा होतो. टिपेट जितके जाड, तितका गुंता वाईट. ३एक्सपेक्षा जाड लावूच नये (एक्सचा आकडा जितका लहान, तितके टिपेट जाड). शक्य असेल तिथे जवळ जाऊन टिपेटच एखाद्या काटकीला गुंडाळून ओढा, म्हणजे ताण लीडरवर येत नाही. गुंता झालाच तर कोरडा सोडवू नका. ओला करा, गाठी सुईने सैल करा, मग टोकाला हलके वजन बांधून रात्रभर टांगून ठेवा. बहुतेक वेळा सरळ होतो.

जड मण्याच्या निम्फला (पाण्यातल्या किड्याच्या अळीसारख्या, बुडणाऱ्या माशीला) हा लीडर शिफारस करण्याजोगा नाही. मऊपणामुळे वजन पुढे फेकले जात नाही, धप्पकन पडते. इंडिकेटर (मासा लागल्याचे दाखवणारा छोटा तरंगक) लावायचाच तर टिपेटवर. लीडरवर सरकवला की पेड कुरतडले जातात. महसीरसाठी आठ वेटच्या रॉडला जाड नायलॉनच हवे: तो मासा खडकांत घुसतो आणि धाग्याचे पेड घासून सुटतात.

साध्या लीडरपेक्षा किंमत बरीच जास्त, पण गाठी मारून आखूड होत नसल्याने हंगामभर चालतो. गुंडाळीचा बाकही राहत नाही. गाडीच्या डॅशबोर्डवर मात्र ठेवू नका, ऊन नायलॉनला खाते. दर वेळी भिंगातून पेड तपासा, विशेषतः टिपेट रिंगच्या मागचे दोन इंच. एक पेड तुटला तरी ताण उरलेल्यांवर असमान पडतो, लीडर त्या जागी मुरडायला लागतो. तिथे गाठ मारून चालवण्यात अर्थ नाही, नवा लावा.