‘बायपास की स्लीव्ह?’ हे त्याने विचारलंच नाही

७२,७९९ रुपये. पळण्याचा प्लॅन आणि पावडर विकणाऱ्या एका ऑनलाइन ठगाने माझे एवढे लुबाडले. आकडा आधीच लिहून टाकते, नंतर धीर होणार नाही. सोळा आठवड्यांच्या ‘एन्ड्युरन्स प्लॅन’चे ३४,५००, पावडरचे सहा डबे प्रत्येकी ३,८५० म्हणजे २३,१००, कसल्याशा ‘मेटाबॉलिक चाचणी’चे ८,९९९. आणि फसवणूक कळल्यानंतरही गेलेले ६,२००. ते शेवटचे सगळ्यात जास्त टोचतात.

२०२१ मध्ये माझं वजन कमी करायचं, गॅस्ट्रिक बायपासचं ऑपरेशन झालं. ११८ किलोवरून ७४ वर आले. आधी चालायला लागले, मग पळायला, आणि मग सातारा हिल हाफ मॅरेथॉनचं वेड डोक्यात शिरलं. २१ किलोमीटर, त्यात जाताना यवतेश्वरचा चढ. अडचण एकच होती, पळताना खायचं काय? ज्यांचं पोट शाबूत आहे ते अर्ध्या-पाऊण तासाने एक एनर्जी जेल, म्हणजे पाकिटातला गोड घट्ट पाक, पिळून गिळतात आणि पुढे जातात. आपल्या बायपासवाल्यांना ते जमत नाही. पोटाची पिशवी अंड्याएवढी, गोड एकदम गेलं की सरळ आतड्यात. कुणाला पंधरा-वीस मिनिटांत मळमळ, धडधड, जुलाब, तर कुणाची साखर एक ते तीन तासांनी धाडकन खाली. यालाच डम्पिंग म्हणतात, ज्यांना ते झालंय त्यांना जास्त सांगायला नको. आणि काहीच घेतलं नाही, तर पंधराव्या किलोमीटरला पाय उचलत नाहीत.

ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं तिथल्या आहारतज्ज्ञांना मी दोनदा विचारलं. ‘प्रथिनं साठ ग्रॅम, गोळ्या वेळेवर. चाला की, पळायचं कशाला?’ बस, एवढंच. मला बावळट म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. मला खरंखुरं उत्तर हवं होतं आणि ते द्यायला कुणी नव्हतं. हे ठग नेमके अशाच जागी टपून बसलेले असतात.

जाहिरात, मोफत कॉल, ‘शेवटच्या तीन जागा’, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. पण त्या पहिल्या कॉलबद्दल मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही. चाळीस मिनिटं तो गोड बोलला. माझं वजन विचारलं, ध्येय विचारलं, नवरा पाठिंबा देतो का हेही विचारलं. ऑपरेशनच्या आधीचे आणि नंतरचे फोटो ‘अभ्यासासाठी’ मागून घेतले. पण ऑपरेशन कोणतं, बायपास की स्लीव्ह, हे एकदाही विचारलं नाही. कुठलाही जाणकार माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो. स्लीव्हमध्ये जठर कापून लहान करतात, आतडं जागच्या जागी राहतं. बायपासमध्ये वाटच बदलतात. मीच शेवटी म्हटलं, ‘सर, माझं बायपास आहे हं.’ तो म्हणाला, ‘काही फरक पडत नाही मॅडम, आपला फॉर्म्युला सगळ्यांना चालतो.’ माझ्या पोटात तेव्हाच काहीतरी हललं होतं. तरीही संध्याकाळी मी ३४,५०० पाठवले. सासरी सगळे म्हणायचे, ‘हिने शॉर्टकट मारला, वजन काय मेहनतीने उतरवलं का?’ मला त्या चढावर पळून दाखवायचं होतं, एवढंच.

प्लॅन आला. पळण्याआधी अर्धा तास ५०० मिली पाण्यात दोन मोठे चमचे पावडर, एका दमात. बायपासवाल्या कुणीतरी ५०० मिली एका दमात पिऊन दाखवावं! लांब पळायच्या दिवशी आधी इबुप्रोफेन ही दुखण्यावरची गोळी, असंही त्यात होतं. बायपासनंतर ही गोळी अल्सर करते, हे डिस्चार्जच्या दिवशीच सांगतात. ती मी घेतली नाही, पण पुढचं मात्र ऐकलं: ‘पावडरमध्ये सगळं आहे, लोह आणि बी-१२ बंद करा.’ कुणीही असं सांगितलं तर फोन तिथेच ठेवा. आपल्या गोळ्या जन्मभराच्या आहेत. चार महिन्यांनी माझं हिमोग्लोबिन ९.६ आणि फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, ७ निघालं.

एकदा सरावाला पुण्याजवळच्या बोपदेव घाटात सकाळी पावणेसातला मी रस्त्याच्या कडेला बसले. हात थरथरत होते, घाम गार पडला होता, समोरचं दिसत होतं पण कळत नव्हतं. ग्रुपमधल्या एका काकांना मधुमेह आहे, त्यांच्या पिशवीत ग्लुकोमीटर होता. रक्तातली साखर ४८, धोक्याइतकी खाली. पाच वाजता प्यायलेल्या पावडरने आपलं काम केलं होतं. घरी येऊन डबा नीट पाहिला. पुढे ‘शून्य साखर’, मागे घटकांत पहिलंच नाव माल्टोडेक्स्ट्रिन. ते साखरेइतकंच झटकन रक्तात उतरतं. लेबल नखाने खरवडलं तर खाली जिमवाल्या पोरांच्या मास गेनरचं, म्हणजे वजन वाढवायच्या पावडरचं लेबल! खाण्याच्या डब्यावरचा अन्न परवाना क्रमांक १४ आकडी असतो, याच्यावर १३ आकडे. मोजायला किती वेळ लागला असता?

पैसे परत मागितल्यावर ‘परतावा विभागा’तून फोन आला, ६,२०० जीएसटी भरा, सगळी रक्कम येईल. भरले. परताव्यासाठी कुणीही आधी पैसे मागितले तर देऊ नका.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात म्हणाले, ऑनलाइन आहे, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, माल मिळालाय, मग फसवणूक कुठली? बँक म्हणाली, ओटीपी तुम्हीच टाकलाय. अन्नाच्या तक्रारी घेणाऱ्या कार्यालयात डबा घेऊन गेले, तर म्हणे उघडलेला चालत नाही. सीलबंद नेला, तर म्हणे विक्रेता दुसऱ्या राज्यात, तिकडे करा. तीन रजा गेल्या. एका साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, ‘ऑपरेशन करून बारीक झालात ना, मग हे कशाला?’ ४८ साखरेवर मी घाटात पडले होते आणि हा माणूस मला कशाला विचारत होता! अर्ज टेबलावर ठेवला, पोच मागितली, तर शिक्का सापडेना. पोच घेतल्याशिवाय कुठेही कागद देऊ नका. पैसे गेल्याचं कळताच त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, मी अकरा दिवस लाजेत घालवले. आणि विक्रेता कुठलाही असो, ग्राहक आयोगात तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंत शुल्कही नाही. हे मला कुठल्याच कार्यालयाने सांगितलं नाही, एका वकील मैत्रिणीने सांगितलं. तक्रार दाखल केली आहे.

खेळाडूंसोबत काम करणाऱ्या एका आहारतज्ज्ञ ताई आता भेटल्या आहेत. त्यांनी पहिल्याच मिनिटाला विचारलं, ‘बायपास की स्लीव्ह?’ मला रडूच आलं. सुटायच्या आधीच्या तासात गोड अजिबात नाही, कारण तेव्हा इन्सुलिन उसळतं आणि साखर कोसळते. पळताना ते दबलेलं असतं, म्हणून जेल पाण्यात पातळ करून, चिमूटभर मीठ घालून, दर दहा मिनिटांनी एक घोट. तासाला २५ ग्रॅमच्या वर कर्बोदकं नाहीत. हे माझं प्रमाण आहे. तुमचं तुमच्या माणसाकडून ठरवून घ्या आणि ग्लुकोमीटर खिशात ठेवा.

लाज गिळून हे लिहायला बसले, त्याला कारण आहे. परवा नाशिकच्या एका बाईंचा मेसेज आला. त्याच माणसाने नाव बदलून नवी जाहिरात सुरू केली आहे, आणि तिच्यात माझे दोन फोटो आहेत, ११८ चा आणि ७४ चा. त्यांनी लिहिलं होतं, ‘ताई, तुमचा फोटो पाहूनच मी काल ३१,००० भरले. गोळ्या बंद करायला सांगितल्यात. करू का?’