जुन्या सोलापूरची पोस्टकार्डं घेताय? आधी डाग बघा

१८,४०० रुपये गेले. १२ कार्डं, १,५०० ला एक, वर कुरिअरचे ४००. भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर मंदिर, तलाव, गिरणीची चिमणी, सगळी नकली. 'वाड्यातल्या ट्रंकेत सापडली' ही थाप कोणाला नवीन आहे? आगाऊ यूपीआय करू नये हेही माहीत होतं. पण जुनं सोलापूर दिसलं की हात थांबत नाही.

खरी चूक फोटो बघतानाच झाली. किल्ल्याच्या आणि तलावाच्या कार्डावर, उजव्या कोपऱ्यात, एकाच आकाराचा चहाचा डाग. दिसला होता मला! एकावर एक ठेवलेल्या कार्डांना एकच डाग पडतो, अशी स्वतःची समजूत घातली. ते खोटंही नाही. पण खरा डाग वरून खाली झिरपताना फिका होत जातो. इथे दोन्ही डाग सारखेच गडद होते. तिथेच फोन ठेवायला हवा होता.

मागच्या बाजूचे फोटो सगळ्या कार्डांचे मागा. मला दोनच मिळाले. बाकीची हातात आल्यावर कळलं, शिक्का १९०८ चा आणि तिकिटावर पाचवा जॉर्ज! १९१० पर्यंत गादीवर सातवा एडवर्ड होता. शिक्क्यात इंग्रजी स्पेलिंगही आजचं, 'सोलापूर'. त्या काळी 'शोलापूर' लिहीत. तिकिटावरून नख फिरवलं तर कडेला अडकलंच नाही, कारण तिकीट चिकटवलेलं नव्हतं, कार्डासोबतच छापलेलं होतं. दहापट भिंगातून शाईचे रंगीत विस्कटलेले ठिपके दिसले, म्हणजे आजच्या प्रिंटरचे. जुन्या छापील कार्डात ठिपके असले तर ते बहुधा ओळीत, जाळीसारखे असतात. अस्सल फोटोकार्डात, म्हणजे फोटोच्या कागदावर थेट उमटवलेल्या कार्डात, ठिपके नसतातच, उलट तिरप्या उजेडात काळ्या भागावर बऱ्याचदा चांदीसारखी झाक येते. माप मात्र बरोबर होतं, साडेतीन बाय साडेपाच इंच, त्यामुळे मापावर जाऊ नका. नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च घ्या: कागद निळसर-पांढरा चमकला तर तो १९५० च्या आधीचा नाही.

पोलीस ठाण्यात तीन चकरा झाल्या. "कार्डं मिळाली ना? मग फसवणूक कसली? दिवाणी बाब आहे." एकाने तर विचारलं, "जुन्या चित्रांना एवढे पैसे कोण देतं?" अहो, मंदिराभोवती आणि तलावाकाठी पूर्वी काय होतं, ते याच कार्डांवरून जुळवता येतं! बनावट कार्ड एकदा संग्रहात शिरलं की पुढचा माणूस त्यालाच पुरावा धरतो. हे ऐकायला कोणाला वेळ नव्हता. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. अर्जावर पोच मागितली तर "उद्या या". पोच घेतल्याशिवाय उठू नका. आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन पहिल्याच तासात करा, मी तो चौथ्या दिवशी केला. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा.

कार्डं विकणाऱ्याचा नंबर अजून चालू आहे. परवा त्याने किल्ल्याचं कार्ड पुन्हा टाकलंय, आता १,८०० ला. कोपऱ्यात तोच डाग.