कॅलिफोर्नियाचं टायर-सफाई अनुदान: पैसा भक्कम, पण हातात पडतो उशिरा

कॅलिफोर्नियात नवा टायर घेतला की बिलात टायरमागे 1.75 डॉलर शुल्क लागतं. नव्या गाडीबरोबर येणारे टायरही त्यातून सुटत नाहीत, स्टेपनीसुद्धा नाही. यातला एक डॉलर राज्याच्या टायर निधीत जातो, उरलेले 75 सेंट हवेच्या प्रदूषणावरच्या कामाला. रस्त्याकडेला, ओढ्यात, रानाच्या कडेला रातोरात टाकलेले टायर उचलण्यासाठी कॅलरिसायकल हे राज्य खातं जी अनुदानं देतं, त्यांचा मुख्य आधार हाच निधी. पैशाचा झरा थेट टायरविक्रीला जोडलेला आहे, आणि ही या योजनेची सर्वांत मोठी जमेची बाजू.

आधी हे शुल्क 25 सेंट होतं. 22 सप्टेंबर 1999 रोजी स्टॅनिस्लॉस काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) वेस्टलीजवळ लाखो टायरांच्या ढिगावर वीज पडली आणि आग महिनाभर धुमसत राहिली. मोटारीचा एक टायर जळताना साधारण दोन गॅलन तेल सोडतो. पाणी मारलं तर ते तेल वाहून ओढ्यात जातं, न मारलं तर धूर थांबत नाही. पुढच्याच वर्षी कायदा बदलला आणि शुल्क एक डॉलरवर गेलं.

अर्ज कोण करू शकतं, इथे बऱ्याच जमीनमालकांची गल्लत होते. मालकाला थेट पैसे मिळत नाहीत. अर्ज शहर, काउंटी, मूळ रहिवासी जमातींची सरकारं अशा संस्थांनीच करायचा. शेतजमिनीवर कुणी तिसऱ्याने कचरा टाकला असेल तर शेती आणि कुरणांसाठीचं वेगळं सफाई अनुदान आहे: एका जागेसाठी 50,000 डॉलरपर्यंत, एका संस्थेला वर्षाला 2,00,000 डॉलरपर्यंत. त्यासाठी हा कचरा आपण टाकलेला नाही असं प्रतिज्ञापत्र मालकाने द्यायचं, आणि पुन्हा कुणी टाकू नये म्हणून काय करणार तेही सांगायचं. फाटक, साखळी, ओंडके, फलक यांचा खर्च आधीच मांडून ठेवावा. साफ केलेली पण उघडी राहिलेली जागा पुन्हा भरते, कारण टायर आणून टाकणाऱ्याला ती वाट ठाऊक असते.

अंदाजपत्रक बहुतेक ठिकाणी मोजणीत फसतं. राज्याच्या हिशेबात मोटारीचा एक टायर 20 पौंडांचा, म्हणजे 2,000 पौंडांच्या टनात शंभर टायर. ट्रकचा एकच टायर शंभर पौंडांच्या पुढे जातो. ढिगाकडे बघून ‘तीनशे टायर’ लिहिलं आणि त्यात साठ ट्रकचे निघाले, तर वजन जवळजवळ दुप्पट होतं. म्हणून मोटार, ट्रक आणि ट्रॅक्टर असे तीन ढीग पाडून मोजावेत.

ओढ्यातून काढलेल्या टायरांचं दुखणं वेगळं. आतल्या पोकळीत गाळ घट्ट बसलेला असतो, खालच्या अर्ध्या भागात पाणी असतं, आणि वजनकाट्यावर त्या चिखलाचेही पैसे भरावे लागतात. गाडीत चढवण्यापूर्वी कडेच्या भिंतीला भोक पाडून पाणी सोडावं, टायर आडवा आपटून गाळ झाडावा. रिम असलेले टायर वेगळे काढावेत. श्रेडरची, म्हणजे टायर फाडणाऱ्या यंत्राची, पाती रिमने खराब होतात, म्हणून प्रक्रिया करणारे त्याचे जादा पैसे लावतात किंवा असा टायर घेतच नाहीत. अख्खा टायर लँडफिलमध्ये, म्हणजे कचरा पुरण्याच्या जागेत, पुरता येत नाही, आधी कापावा किंवा फाडावा लागतो. तेव्हा ठेकेदाराच्या दरात कापणीचा खर्च धरलाय का, ते करारात लिहून घ्यावं.

वाहतुकीचा नियम कडक आहे आणि तो तसाच असायला हवा. एका खेपेत दहा किंवा जास्त जुने टायर नेणाऱ्याची कॅलरिसायकलकडे नोंदणी लागते, त्यासाठी 10,000 डॉलरचा बाँड (हमीपत्र) लागतो आणि प्रत्येक खेपेची नोंद ठेवावी लागते. स्वस्तात पडतो म्हणून बिननोंदणीचा ट्रकवाला घेतला तर तेच टायर पुढच्या दरीत सापडण्याची शक्यता असते.

आमच्या मते पैशाचं सर्वांत चांगलं चीज टायर-माफी दिवसांच्या, म्हणजे रहिवाशांकडून जुने टायर जमा करून घेण्याच्या दिवसांच्या, अनुदानातून होतं. रहिवासी स्वतः टायर घेऊन येतात, त्यामुळे दरीतून उचलण्याचा खर्चच राहत नाही. नऊपेक्षा जास्त टायर आणायचे असतील तर स्थानिक अंमलबजावणी यंत्रणेकडून तात्पुरतं परवानगीपत्र मिळतं. जाहिरातीत हे ठळक छापलं नाही तर पिकअप भरून आलेला माणूस फाटकावरून परत जातो, आणि जाता जाता टायर कुठे टाकेल सांगता येत नाही. टायर दुकानांचा माल मात्र इथे चालत नाही, म्हणून फाटकावर विचारपूस करणारा माणूस हवाच.

योजनेची कमजोरी पैसे देण्याच्या पद्धतीत आहे. आधी खर्च, मग परतावा, आणि त्यातलेही दहा टक्के अंतिम अहवाल मंजूर होईपर्यंत अडकलेले. मोठ्या काउंटीला हे झेपतं. छोट्या गावाला मात्र ठेकेदाराचं बिल आपल्या गंगाजळीतून भरून थांबावं लागतं, म्हणून पुष्कळ गावं अर्जच करत नाहीत. त्यात अर्जाच्या फेऱ्या ठरलेल्या, शिवाय अर्जदार संस्थेच्या नियामक मंडळाचा ठराव लागतो. तोवर ढीग तिथेच. एडिस डास टायरच्या आतल्या भिंतीला अंडी चिकटवतो, ती कोरडी पडली तरी महिनोन् महिने जिवंत राहतात आणि पहिल्या पावसाचं पाणी साचताच फुटतात. छोट्या संस्थांना निम्मी रक्कम आगाऊ दिली तर हा उशीर बराच कमी होईल.

मंजुरी येईपर्यंत हलवता न येणाऱ्या ढिगाचे फोटो काढावेत, जागेचे अक्षांश-रेखांश टिपावेत, टायर ताडपत्रीने झाकावेत आणि ताडपत्रीवर पाणी साचू देऊ नये. ढीग पाचशे टायरांच्या जवळ पोचला असेल तर स्थानिक यंत्रणेला लगेच कळवावं, कारण पाचशेपासून साठवणुकीला परवाना लागतो आणि मग मालकही नियमाच्या कचाट्यात येतो.