एबीएसचा दिवा, चार फेऱ्या आणि एक वायर: दहा महिने वापरानंतरचा अनुभव

गाडी घेऊन दहा महिने झाले, साडेअकरा हजार किलोमीटर चालली. इंजिन, गिअर, मायलेज याबद्दल तक्रार नाही, म्हणून त्यावर लिहीत बसत नाही. ब्रेकच्या दिव्याबद्दल मात्र लिहायलाच हवं. वॉरंटीतल्या गाडीचं एक दुखणं शोधायला वर्कशॉपला चार फेऱ्या लागल्या.

तिसऱ्या महिन्यात यू-टर्न घेताना डॅशबोर्डवर एकदम तीन पिवळे दिवे लागले: एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा), ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागच्या जागी घसरून फिरू न देणारी) आणि हिल असिस्ट (चढावर गाडी मागे घरंगळू न देणारी). पोटात गोळाच आला. तीन गोष्टी एका दमात बिघडल्या असं वाटलं. पण या तिघांनाही प्रत्येक चाकाचा वेग कळावा लागतो आणि तो सांगणारे सेन्सर सामायिक असतात. एका चाकाचा आकडा येईनासा झाला की तिघंही काम सोडतात. नेहमीचा ब्रेक लागतो, पण कचकन दाबला तर चाक लॉक होऊ शकतं. तेव्हा हे काही ठाऊक नव्हतं, त्यामुळे वीसच्या वेगाने रखडत घर गाठलं. गाडी बंद करून पुन्हा चालू केली तर दिवे गायब!

(लाल दिव्याचं प्रकरण वेगळं. हँडब्रेक खाली असताना लाल दिवा लागला तर ब्रेक ऑइल कमी झालेलं असू शकतं, आणि लाल व एबीएसचा पिवळा दोन्ही लागले तर पुढच्या-मागच्या चाकांतली ब्रेकच्या जोराची वाटणीही बंद पडलेली असू शकते. तेव्हा गाडी बाजूला घ्यायची आणि टो करूनच न्यायची.)

पहिल्या फेरीत सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाले, "सॉफ्टवेअरचं काहीतरी असेल, कोड क्लिअर केलाय." (कोड म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने करून ठेवलेली बिघाडाची नोंद.) जॉब कार्डवर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, लिहिलं 'जनरल चेकअप'. सहाव्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. दुसऱ्या फेरीत बॅटरीचे टर्मिनल आवळले आणि ब्रेक ऑइल वर केलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! शिवाय ब्रेक पॅड झिजले की ऑइलची पातळी आपोआप थोडी उतरते, त्यामुळे पॅड न बघता नुसतं ऑइल ओतणं मला पटलेलं नाही.

मधल्या काळात एक स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर घेतला. दिवे डोळ्यांसमोर जळताहेत आणि हा म्हणतोय 'फॉल्ट नाही'. असले बरेचसे स्कॅनर इंजिनचेच कोड वाचतात, एबीएसच्या मॉड्यूलपर्यंत, म्हणजे त्याच्या वेगळ्या कॉम्प्युटरपर्यंत, पोचतच नाहीत. पैसे वाया गेले.

तिसऱ्या फेरीला मी अडून बसलो की क्लिअर करण्याआधी कोड दाखवा. कोड होता सी००३५, म्हणजे पुढच्या डाव्या चाकाच्या वेग-सेन्सरचं सर्किट. त्यांनी सेन्सर बदलला. तीन आठवडे शांतता, मग पुन्हा तोच कोड. इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कोड 'सर्किट' म्हणतोय, 'सेन्सर' नाही. त्या सर्किटमध्ये सेन्सर येतो, तशीच वायर येते, कनेक्टर येतो, आणि सेन्सरला धड सिग्नल मिळायचा तर बेअरिंगमधली चुंबकीय रिंगही शाबूत लागते. कोड घराचा पत्ता देतो, घरातला चोर कोण ते सांगत नाही.

मग मोबाईलमध्ये नोंदी ठेवायला लागलो: वेग, वळण, पाऊस, खड्डा. नऊपैकी आठ वेळा स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे होतं आणि चाक गतिरोधकावरून उतरत होतं.

चौथ्या फेरीला ती यादी घेऊन गेलो आणि विनंती केली की टेक्निशियनदादांनी लॅपटॉप घेऊन शेजारी बसावं, गाडी मी चालवतो. आवारातल्याच गतिरोधकावरून उजवं वळण घेतलं. तिसऱ्या खेपेला पडद्यावर तीन चाकांचा वेग चौदा-पंधरा आणि डाव्या पुढच्याचा सरळ शून्य. दादा एवढंच म्हणाले, "सापडलं."

सस्पेन्शनच्या स्ट्रटवरची (चाकाजवळच्या शॉकॲब्सॉर्बरवरची) सेन्सरच्या वायरची क्लिप नीट बसलेलीच नव्हती. पूर्ण वळणावर चाक खाली लोंबलं की वायर ताणली जायची. वरचं आवरण शाबूत, आतली तार तुटलेली. लिफ्टवर चाकं सरळ ठेवून तपासलं की टोकं एकमेकांना टेकायची आणि सगळं आलबेल दिसायचं. वर्कशॉपच्या बाजूने हेही सांगायला हवं की असा बिघाड उभ्या गाडीत सापडणं खरंच अवघड. पण 'दिवा नेमका कधी लागतो?' हा प्रश्न पहिल्या तीन फेऱ्यांत कुणीच विचारला नाही, याचा राग अजून आहे.

हार्नेस (कनेक्टरसकट ती वायर) वॉरंटीत बदलून मिळाला, पैसे लागले नाहीत. पहिलं जॉब कार्ड सोडलं तर बाकीच्यांवर 'एबीएस दिवा पुन्हा लागला' हे माझ्या शब्दांत लिहून घेतलं होतं आणि ती सगळी कार्डं जपून ठेवली आहेत. वॉरंटी संपल्यावर हेच पुन्हा उपटलं तर तक्रार जुनी आहे हे दाखवायला तेवढाच कागद.

त्याला आता चार महिने झाले. चावी फिरवली की दिवे लागतात, स्वतःची तपासणी करून काही सेकंदांत विझतात. तिसऱ्या फेरीत काढलेला सेन्सर मात्र 'सदोष' असं लेबल लावून कंपनीकडे परत गेला. तो बिचारा बहुधा ठणठणीत होता.