कमोडच्या बुडाखाली घातलेला गंडा

बाथरूम नवं करताना सगळ्यांचं लक्ष टाइल्सच्या रंगाकडे असतं. खरी लबाडी होते ती कमोडच्या बुडाखाली, कारण एकदा भांडं बसलं की ते उचलून कोणी बघत नाही. आमच्या ठेकेदाराला हे पक्कं ठाऊक होतं.

जुना कमोड निघाल्याबरोबर त्याने जाहीर केलं, "खालचा पाइप पार सडलाय, नवा टाकावा लागेल." पाइप पीव्हीसीचा! बिडाचा पाइप गंजतो. पीव्हीसी तडकतो, त्याचा सांधा सुटतो, पण सडत कसा असेल? दाखवा म्हटलं तर वास, घाण, आत गवंडी काम करतोय अशी कारणं. जादा पैसे मात्र लगेच हवे होते. त्याच बिलात जुन्या टाइल्स फोडण्याची मजुरी, वॉटरप्रूफिंग आणि रबरी कनेक्टरही लावलेला.

सुरुवातीला सगळं झकास दिसत होतं. मग वास सुरू झाला. "नवीन काम आहे, सिमेंट सुकू द्या," हे त्याचं उत्तर. काही महिन्यांनी खालच्या मजल्यावरच्या छताला पिवळा डाग पडला, तेव्हा त्याने फोन घेणंच बंद केलं.

दुसऱ्या प्लंबरने भांड्यात रंग टाकून बराच वेळ फ्लश केलं. थोड्या वेळाने खालच्या छतावर तोच रंग उतरला. कमोड सिमेंटमध्ये गाडलेला, त्यामुळे छिन्नीने सोडवताना त्याचं बूड तडकलं. खाली भांडं आणि पाइपमधला सांधा बंद करणारी रबरी रिंग नव्हतीच. तिच्या जागी पोत्याचा तुकडा कोंबून वरून सिमेंट थापलेलं. पाइप जुनाच, तोंड करवतीने वेडंवाकडं कापलेलं आणि त्यावर आधीच्या कामाचं पांढरं सिमेंट तसंच. वॉटरप्रूफिंगचा हात फक्त कडेकडेने, जिथवर नजर जाते तिथवर.

हे असं का केलं, ते टेप लावल्यावर कळलं. जमिनीत आउटलेट असलेल्या एस-ट्रॅप कमोडला तयार भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर ठरलेलं लागतं. आमच्या मॉडेलला ते ३०० मिमी हवं होतं. पठ्ठ्याने टाइल्स फोडल्याच नव्हत्या, जुन्यांवरच नव्या चिकटवल्या. भिंत पुढे आली, अंतर घटलं, टाकी भिंतीला टेकली आणि भांड्याचं तोंड पाइपच्या पुढे सरकलं. यासाठी बाजूला सरकवता येणारा कनेक्टर मिळतो. तो बिलात होता, बाथरूममध्ये नव्हता. खोक्यातली रिंग अन् स्क्रूसुद्धा गायब; पुढच्या गिऱ्हाइकाच्या बिलात ते निघाले असतील.

तुमच्याकडे काम काढलं असेल तर काढलेला पाइप घराबाहेर जाऊ देऊ नका. नवा टाकला म्हणणाऱ्याला विचारा, मग जुना कुठाय? कमोड बसण्याआधी त्या भोकाचा, भिंतीपासून टेप धरून, फोटो घ्या. टाइल्सच्या आधी फरशीवर किमान २४ तास पाणी साठवून ठेवायला लावा. "सिमेंटने घट्ट बसतो" हे ऐकू नका. कमोड स्क्रूवर बसतो आणि कडेला सिलिकॉन येतं. तेही मागच्या बाजूला थोडी फट सोडून, म्हणजे गळती झालीच तर पाणी बाहेर दिसेल. आमच्याकडे चारी बाजूंनी इतकं निगुतीने सिलिकॉन मारलं होतं की मला त्याचं कौतुक वाटलं होतं. शेवटचा हप्ता संडास काही आठवडे वापरून झाल्याशिवाय देऊ नका, आणि हे आधीच लेखी ठरवा.

फोटो पाठवल्यावर ठेकेदाराचा फोन आला, "चाललं होतं ना इतके दिवस?" बिल आणि फोटो शेजारी शेजारी ठेवल्यावर पाइपचे आणि टाइल्स फोडण्याचे पैसे परत करायला तो तयार झाला. तडकलेल्या कमोडचे आणि खालच्यांच्या छताचे पैसे द्यायला मात्र अजून नकारच आहे.